नावावर काय आहे?

बायकोला मारहाण का होते, असं चारचौघांत विचारलं की तीन उत्तरं हमखास येतात: दारू, गरिबी आणि अडाणीपणा. तिन्ही अगदीच खोटी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा पिऊन घरी येतो तिथे हे प्रमाण कितीतरी चढं आहे आणि सर्वांत गरीब घरांत ते सर्वांत श्रीमंत घरांच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही या तीन उत्तरांमध्ये एक सोय दडलेली असते. उत्तर देणारा बहुधा पीत नाही, खाऊनपिऊन सुखी असतो आणि पदवीधर असतो. म्हणजे बोलता बोलता तो स्वतः प्रश्नाच्या बाहेर जाऊन बसतो.

महाराष्ट्राचा आकडा बघा. चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, तो २१.३ टक्के होता. पाचव्या फेरीत २५.२ झाला. मधल्या काळात राज्य गरीब झालं नाही की अडाणीही झालं नाही. कदाचित बायका थोड्या मोकळेपणाने बोलू लागल्या असतील, हे धरून चालू. पण त्याच दोन फेऱ्यांमधला दुसरा एक आकडा कोणी फारसा शेजारी ठेवून वाचत नाही. स्वतःच्या किंवा सामाईक नावावर घर किंवा जमीन असलेल्या बायकांचं प्रमाण महाराष्ट्रात ३४.३ टक्क्यांवरून २२.९ वर आलं. देशाचं प्रमाण ४३.३ आहे. उद्योगात, बँकांच्या ठेवींत, शेअर बाजारात पहिला नंबर सांगणारं राज्य इथे देशाच्या जवळपास निम्म्यावर. या दोन आकड्यांत थेट कार्यकारणभाव आहे असं मी म्हणत नाही; सर्वेक्षणातल्या दोन ओळी शेजारी ठेवून तेवढं सिद्ध होत नाही. पण घर गरीब आहे का, यापेक्षा घरात गरीब कोण आहे, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. त्या प्रश्नाचा माग काढत एका अभ्यासाने बरीच मजल मारली आहे आणि तो अभ्यास केरळातला आहे.

केरळ मुद्दाम. तिथे बायका शिकलेल्या आहेत, आरोग्य चांगलं आहे, मुलींची संख्या घसरलेली नाही, काही समाजांत तर आईकडून लेकीकडे मालमत्ता जाण्याची जुनी रीत होती. अडाणीपणाचं उत्तर तिथे चालत नाही. प्रदीप पांडा आणि अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या शहरी आणि ग्रामीण भागांत ५०२ विवाहित बायकांशी बोलून माहिती गोळा केली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५०२ पैकी १७९ जणींनी संसारात शारीरिक मारहाण सोसली होती. म्हणजे एवढ्या शिकलेल्या जिल्ह्यात तिघींपैकी एकीहून जास्त.

मग त्यांनी विचारलं: तुमच्या नावावर काय आहे? ज्यांच्या नावावर घरही नव्हतं आणि जमीनही नव्हती, त्यांच्यात मारहाणीचं प्रमाण ४९ टक्के निघालं. फक्त जमीन असलेल्यांमध्ये १८ टक्के. फक्त घर असलेल्यांमध्ये १०. दोन्ही असलेल्यांमध्ये ७. घराची आर्थिक स्थिती, शिक्षण, नवऱ्याचं पिणं, लहानपणी घरात पाहिलेली मारहाण, असे बाकीचे धागे हिशेबात धरूनही मालमत्तेचा परिणाम टिकून राहिला.

जमिनीपेक्षा घराचा आकडा कमी का, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. जमीन पीक देते, पण ती कसायला माणूस लागतो, पाणी लागतं, बैल किंवा ट्रॅक्टर लागतो, आणि पीक यायला चार महिने थांबावं लागतं. घर त्याच रात्री कामाला येतं. रात्री अकरा वाजता बाई लेकराला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर पडली की पहिला प्रश्न जायचं कुठे, हाच असतो. माहेरी? भाऊ आणि भावजय दोन दिवस ठेवून घेतात, तिसऱ्या दिवशी समजूत घालून परत पाठवतात. घर तिचंच असेल तर तिला जायचं नसतंच. जायचं असेल तर त्याला. आणि हे नवऱ्यालाही ठाऊक असतं. मालमत्तेचा खरा उपयोग इथे आहे: ती वापरावी लागतच नाही. ती आहे एवढं ठाऊक असलं तरी हात उगारताना विचार होतो.

ज्या १७९ जणींना मार बसत होता, त्यांतल्या ४३ जणी कधी ना कधी घर सोडून गेल्या. नावावर काही असलेल्यांपैकी ७१ टक्के गेल्या, काहीच नसलेल्यांपैकी १९ टक्के. गेलेल्यांतल्या २४ परत आल्या. परत आलेल्यांत ८८ टक्के जणींच्या नावावर काहीही नव्हतं. ‘एवढं मारतो तर ही सोडून का जात नाही?’ असं विचारणाऱ्यांना हे आकडे दाखवावेत. राष्ट्रीय सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या बायकांचं प्रमाण देशभरात १४ टक्क्यांच्या आसपासच आहे. बाकीच्या गप्प का राहतात याचं उत्तरही यातच कुठेतरी आहे.

आता केरळातून बीडला येऊ. कारण वर जी विषमता कागदावर दिसते, ती इथे मजुरीच्या पद्धतीतच विणलेली आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची गावं अर्धी रिकामी होतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या, कोंबड्या भरून माणसं ऊसतोडीला निघतात: सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, पलीकडे कर्नाटक. मार्च-एप्रिलपर्यंत, कारखान्याचं धुराडं बंद होईपर्यंत, मुक्काम फडाशेजारच्या कोपीत. या कामात मजूर माणसागणिक मोजत नाहीत, कोयत्यागणिक मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, कोयत्यामागे पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. उचल नवऱ्याच्या हातात पडते. त्यातून घरचं देणं फिटतं, बी-बियाणं होतं, कुणाचं लग्न होतं, आणि पुढचे पाच-सहा महिने दोघांच्या अंगमेहनतीतून ती रक्कम वळती होते.

मुकादमाची वही पाहिली की सगळा व्यवहार समजतो. पानाच्या माथ्यावर नवऱ्याचं नाव आणि गाव. खाली उचलीची रक्कम आणि तारीख. मग आठवड्याच्या बाजारासाठी दिलेली खर्ची, दवाखान्याला दिलेले पैसे आणि एका बाजूला खाडे, म्हणजे न भरलेले दिवस. पलीकडे टनाचा हिशेब. बायकोचं नाव त्या पानावर नसतं. तिचा घाम टनात असतो, तिचा खाडा खाड्यात असतो, तिच्या औषधाचा खर्च खर्चीत असतो. नाव मात्र कुठेच नाही. कारखान्याच्या दप्तरात तर त्याचंही नाव नसतं, कारण कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूक ठेकेदाराशी होतो. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली तेव्हा फटाके वाजले. वाढ चांगलीच, पण वाढलेला दरही कोयत्याचाच होता.

तिचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. पाणी आणणं, भाकरी थापणं, लेकरांचं आवरणं, उजाडायच्या आत फडात. ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन. गाडी भरायला रात्री कधीही येते आणि ती आली की झोपेतून उठून जायचं. कोपीवर परतल्यावर तो आडवा होतो. ती चूल पेटवते. फडात संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही. टोळीत मुकादमाची किंवा गाडीवाल्याची नजर वाईट असली तर तक्रार करायची कुणाकडे? ज्याच्याकडे करायची त्याच्याचकडून उचल घेतलेली असते.

अशा ठिकाणी नवरा मारत असेल तर? पर्याय मोजून पाहा. ती निघून गेली तर एकटी बाई ‘अर्धा कोयता’ ठरते आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा घेत नाही. घेतलाच तर नात्यातल्या कुणाबरोबर जोडून, कमी उचलीवर. म्हणजे या धंद्यात कामाला जायचं तर नवरा लागतो. विधवांची आणि टाकलेल्या बायकांची अडचण हीच आहे. नवरा सोडला की नुसतं घर जात नाही, रोजगारही जातो. शिवाय उचलीतलं अंगावर राहिलेलं देणं तिच्या मागे लागतंच, घेताना तिला विचारलेलं नसलं तरी. बायको पळाली म्हणून उचल बुडाली तर मुकादम नवऱ्याला धरणार आणि नवरा तिच्या माहेरी जाणार. मारहाण सोसणं हा इथे काही कुणाचा स्वभाव नाही. हिशेबाच्या वहीत दुसरी वाट ठेवलेलीच नाही.

मुलींची लग्नं लवकर होतात त्याचंही एक कारण यात आहे. वयात आलेली मुलगी मागे गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची ही आईबापांची धास्ती खरी असते. आणि लग्न लागलं की एक नवा कोयता तयार होतो, त्यालाही उचल मिळते. पंधरा-सोळाव्या वर्षी फडात उभी राहिलेली मुलगी विशीत दोन लेकरांची आई असते, तिशीच्या आत अंग धरतं.

२०१९ साली हा विषय वेगळ्याच कारणाने देशभर गाजला. बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया अवाच्या सवा होत असल्याच्या बातम्या आल्या. सरकारने विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहाजणींमागे एक. देशाचं प्रमाण त्या वेळच्या सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयोगटात, ३ टक्क्यांच्या जवळपास होतं. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, हे मान्य. पण तफावत एवढी आहे की वयोगटाच्या नावाने ती झाकता येत नाही.

माध्यमांनी तेव्हा एक सरळ खलनायक शोधला: पैशासाठी पोट फाडणारे खासगी डॉक्टर. तेही होते. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, पाळी जास्त जाते अशा तक्रारींवर औषध देऊन पाहण्याऐवजी ‘कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवणं हा व्यवहार झाला आणि त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. पण डॉक्टरकडे ती बाई का गेली हे पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. पाळीच्या दिवसांत एक दिवस बसलं तर खाडा. खाड्याला दंड, अनेक ठिकाणी कोयत्यामागे दिवसाला पाचशे रुपये. बायको बसली तर नवऱ्याचाही दिवस जातो, कारण कोयता अर्धा चालत नाही. महिन्याला दोन-तीन खाडे, सहा महिन्यांचा हंगाम, वर ओटीपोटात सतत दुखणं आणि ‘नाहीतरी दोन लेकरं झालीत’ हा घरच्यांचा सूर. शस्त्रक्रियेला पैसे लागतात, तेही मुकादमाकडूनच उचलले जातात. मग पिशवी काढलेली बाई त्या कर्जाच्या फेडीसाठी पुन्हा फडात. तिच्यावर कुणी हात उगारला नाही, कागदावर तिची संमतीही आहे. मी याला हिंसाच म्हणतो. ज्यांना हा शब्द जड वाटतो त्यांनी त्या संमतीला पर्याय कोणता होता ते सांगावं.

ऊसतोडीचं जग आपल्यापासून लांबचं आहे असं वाटणाऱ्या वाचकांसाठी आता सुखवस्तू घरात जाऊ. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बसलेल्या लोकांत एक दृश्य नेहमीचं आहे. भाऊ गाडी करून बहिणींना घेऊन आलेला असतो. दोघी-तिघी, चाळिशी-पन्नाशीच्या, ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. वकील कागद पुढे करतो, ‘ताई, इथे सही, इथे अंगठा, फोटोकडे बघा.’ हक्कसोडपत्र होतं. दुपारी हॉटेलात जेवण, जाताना साडी आणि ओटी. पुढे तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून बहिणींची नावं उतरतात. जिथे हक्कसोड झालं नाही तिथेही बहिणींची नावं कित्येकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात जाऊन बसतात, मालकांच्या ओळीत येत नाहीत.

कायदा याच्या उलट आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत तिला जन्मतः मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. केंद्राने तेच २००५ साली देशभर केलं. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो असं स्पष्ट केलं. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलीला हा हक्क देशाच्या अकरा वर्षं आधी मिळाला. आणि तरी २२.९ टक्के.

बहिणी सही का करतात, याला भाबडेपणा म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांचाही एक हिशेब असतो. वाटा मागितला तर माहेर तुटतं. सासरी काही बिनसलं तर पाठीशी उभं राहणारं दुसरं कोण आहे? म्हणून त्या जमीन देऊन माहेर राखतात. पण केरळचे आकडे पुन्हा वाचा. ज्या विम्यासाठी त्यांनी जमीन सोडली, तो विमा वेळेला बहुधा दोन दिवसांचा निघतो आणि जी गोष्ट खरोखर उपयोगी पडली असती ती निबंधकाकडे सोडून आलेल्या असतात. भावाचं ठरलेलं वाक्यही असतंच: ‘तुझ्या लग्नात दिलं की.’ लग्नात दिलं ते कुणाला? हुंडा, मानपान, गाडी हे सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या घरात गेलं. बापाच्या घरून निघालेली संपत्ती तिला वळसा घालून थेट दुसऱ्या पुरुषाच्या हाती पडते. तिच्या अंगावर फक्त दागिने उरतात, तेही सासूच्या कपाटात. आणि तो ओघ आटला की छळ सुरू होतो. हुंडाबळींची पोलिसांत नोंदलेली संख्या देशात अजूनही वर्षाला सहा हजारांच्या वर आहे.

इथे एक उलटी गोष्ट सांगायला हवी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बायकांची नावं कागदावर येऊ लागली आहेत, पण कोणत्या कागदावर? कर्जाच्या. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या बायकांनाच कर्ज देतात, कारण बायका हप्ता चुकवत नाहीत. गटातल्या एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा. पैसा नवऱ्याच्या बोअरला, मोटारसायकलला, कधी दारूलाही जातो. वसुलीला आलेला माणूस दारात तिचं नाव घेऊन उभा राहतो. तो गेल्यावर घरात जे होतं ते कोणत्याच हप्त्याच्या कार्डावर लिहिलेलं नसतं. सातबाऱ्यावर नाव नाही आणि कर्जावर आहे, अशी बाई पूर्वीपेक्षा मोकळी झाली म्हणायची का?

बचतगटांनी काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गावोगावच्या बायका पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या त्या गटामुळे, आणि मारकुट्या नवऱ्याच्या दारात दहा जणी जाऊन उभ्या राहिल्याची उदाहरणं गटांकडे खूप आहेत. पण पैसा आणि संघटना यांतलं काम कशाने होतं, हे दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात तपासून पाहिलं गेलं. काही गावांत बायकांना छोटी कर्जं दिली आणि त्याच गटांच्या बैठकांत मारहाण, लैंगिक संबंध, एचआयव्ही, घरातले निर्णय यांवर महिनोन्‌महिने चर्चा घडवल्या. दोन वर्षांत जोडीदाराकडून होणारी हिंसा ५५ टक्क्यांनी घटली. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे नुसती कर्जं दिलेल्या गावांशी तुलना झाली, तेव्हा तिथली आर्थिक स्थिती सुधारलेली दिसली, हिंसेवर मात्र तसा परिणाम दिसला नाही.

कमाईचंही असंच तिरपं आहे. अर्थशास्त्रातला साधा तर्क सांगतो की बाई कमावू लागली की तिची बाजू बळकट होते. अॅना आयझर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून दाखवलं की स्त्री-पुरुषांच्या मजुरीतली दरी कमी झाली तसतशा मारहाणीमुळे दाखल होणाऱ्या बायकाही कमी झाल्या. १९९० ते २००३ मधल्या घटीतली ९ टक्के घट त्या एका कारणाने. पण पांडा आणि अगरवालांना केरळात असंही दिसलं की बायकोची नोकरी नवऱ्यापेक्षा वरचढ असली तर मार बसण्याचा धोका वाढतो. दोन्ही खरं असू शकतं. आजूबाजूच्या सगळ्याच बायकांची मजुरी वाढली तर कुणा एकट्या नवऱ्याच्या नाकाला झोंबत नाही. एकाच घरात तिचं पाकीट जाड झालं की झोंबतं. शिवाय पगार दर महिन्याला हातात येतो आणि दर महिन्याला हिसकावता येतो. एटीएमचं कार्ड नवऱ्याच्या खिशात असलेल्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बाया आपल्या ओळखीत निघतील. खरेदीखत तसं दर पहिल्या तारखेला काढून घेता येत नाही.

राहत्या घराच्या मुद्द्यावर न्यायालयांनाही वळायला वेळ लागला. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ साली झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने दोन नव्या गोष्टी केल्या. पैसे न देणं, स्त्रीधन विकून टाकणं, घराबाहेर काढणं यालाही ‘आर्थिक छळ’ म्हणून हिंसेत धरलं. आणि मालकी कुणाचीही असो, सामाईक घरात राहण्याचा हक्क बाईला दिला. पण कायदा लागू होऊन दोन महिने होतात न होतात तोच बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घर सासूच्या नावावर आहे, सबब ते सामाईक घर नव्हे. झालं. मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत किती तरी सासऱ्यांनी फ्लॅट आपल्या नावावर असल्याचे कागद पुढे केले. ज्या देशात लग्न झालेला मुलगा आईबापांच्याच घरात राहतो तिथे ‘नवऱ्याच्या मालकीचं घर’ ही अट म्हणजे बहुतेक सुनांना दार बंद. चौदा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२० ला, आहुजा खटल्यात त्याच न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला. नात्यातल्या कुणाच्याही मालकीचं घर असलं तरी ती तिथे संसार करत असेल तर ते सामाईक घर ठरू शकतं, असं सांगितलं. मधल्या चौदा वर्षांत ज्या बाहेर पडल्या त्यांना मात्र या निकालाने घर परत मिळालं नाही. आणि राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हे आजही खरं आहे.

मग मालकीचं काय? महाराष्ट्रात याचा सर्वांत धाडसी प्रयोग स्त्री संघटनांच्या आधी शेतकऱ्यांच्या संघटनेने केला, हे थोडं अनपेक्षित वाटेल. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. लाखोंनी बायका आल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करावा, आणि ज्या गावात शंभर घरं असं करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. शेतमालाला भाव न देणारं सरकार शेतकऱ्याला लुटतं, मग राबणाऱ्या बायकोच्या श्रमाला भाव न देणारा शेतकरी कोण, हा युक्तिवाद संघटनेच्या माणसांना नाकारता येईना. पुष्कळ गावांत खरोखर कागद झाले. आत्महत्या, नापिकी, परागंदा नवरे हे सगळं पुढे आलं, तेव्हा तो तुकडा कामाला आलेल्या बायका निघाल्या.

सरकारने पाठोपाठ लक्ष्मीमुक्ती योजना आणली: नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. २००३ साली ‘घर दोघांचे’ अभियान आलं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराला नवरा-बायको दोघांची नावं. अनेक ग्रामसेवकांनी ते मनावर घेऊन केलं. फक्त नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. मालकीचा पुरावा म्हणून तो कोर्टात फार लांब जात नाही. तरी तहसीलमध्ये, बँकेत, पोलीस ठाण्यात तो कागद पुढे ठेवणारी बाई आणि रिकाम्या हाताने आलेली बाई यांच्याशी बोलण्याची तऱ्हा वेगळी असते. २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्याच वर्षी ऊसतोड मजुरांची ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्र देण्याचं ठरलं. त्यात बाईची नोंद स्वतंत्र मजूर म्हणून होते. मुकादमाच्या वहीतल्या पानावर अजून होत नाही. उचल, मजुरी आणि खाड्याचा हिशेब जोवर दोघांचा वेगवेगळा मांडला जात नाही आणि तिचा भाग तिच्या खात्यात जात नाही, तोवर ते ओळखपत्र तिच्या ट्रंकेत राहील.

एक टक्का सवलतीचा लाभ घेणारी घरं कोणती, हे निराळं सांगायला नको. शहरातले फ्लॅट बायकोच्या नावे होतात, हप्ते फिटतात, कधी कधी नवऱ्याचे धनकोही त्यामुळे दूर राहतात. गावाकडे मात्र लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तलाठ्याकडे पडून राहिलेला नसतो, तो मुळात आलेलाच नसतो. साधा अर्ज आहे, सातबारा आणि पत्नी असल्याचा पुरावा जोडायचा. अर्ज नवऱ्याने करायचा असतो.